ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

पावसाळा सरला की विहिरींच्या पाण्यावर रब्बीची पेरणी ठरते. पाण्याचा हिशेब कार्यकर्त्याच्या वहीत असतो. परंतु आकडे नुसते वाचून दाखविल्याने शेतकऱ्याची खात्री पटत नाही. आकडा डोळ्यांना दिसावा लागतो. तसे न झाल्यास गहू ओंबीवर येतो त्याच वेळी विहिरी तळ गाठतात व उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचेही हाल होतात.

आकड्यांचे चित्र

समजा, एका गावात १,५०० माणसे व ७०० जनावरे असून ऑक्टोबर ते मे या काळासाठी विहिरींतून २३ कोटी लिटर पाणी मिळू शकते. चावडीपुढील अंगणात रांगोळीने २३ चौकोन काढावेत. एक चौकोन म्हणजे एक कोटी लिटर.

माणशी रोज ५५ लिटर धरल्यास पिण्यासाठी व घरखर्चासाठी २ चौकोन लागतात. जनावरामागे ६० लिटर धरल्यास आणखी १ चौकोन जातो. हे तीन प्रथम निळ्या रंगाने भरावेत. शेतीसाठी २० उरतात.

गव्हाला हेक्टरी सुमारे ४० लाख लिटर पाणी लागते. ७० हेक्टर गहू पेरावयाचा म्हटल्यास २८ चौकोन हवेत. कमी पडणारे आठ चौकोन तांबड्या रंगाने रेषेबाहेर काढावेत. हरभऱ्याला हेक्टरी सुमारे २५ लाख लिटर पुरतात. म्हणून १५ हेक्टर गहू व ५५ हेक्टर हरभरा घेतल्यास तेच ७० हेक्टर क्षेत्र २० चौकोनांत बसते.

घ्यावयाची दक्षता

१. विहिरींची पातळी मोजताना गावातील दोघा-तिघा शेतकऱ्यांना बरोबर न्यावे. स्वतः मोजलेल्या आकड्यावर विश्वास बसतो.
२. सर्व चौकोन एकाच मापाचे असावेत. तूट मोठी किंवा लहान करून दाखवू नये.
३. पिकाची गरज जमिनीप्रमाणे व पाणी देण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते, हे स्पष्ट सांगावे.
४. कोणाच्याही विहिरीकडे बोट दाखवू नये. हिशेब साऱ्या गावाचा आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवण्याचा व त्यावरून पिके ठरविण्याचा प्रघात पडला आहे.

सभेनंतर हेच चित्र चावडीच्या भिंतीवर रंगवावे आणि मे महिन्यात प्रत्यक्ष पातळीशी ताडून पाहावे. अंदाज जितका खरा ठरेल, तितका पुढील वर्षीचा हिशेब गाव आपला मानील.