निदान आधी, पथ्य मागाहून

विद्यार्थी मित्रांनो, आज एका सोप्या प्रयोगाने सुरुवात करू. मैद्याचा किंवा कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो भांडेभर पाण्यात बोटांनी हलके दाबत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते ओतून दुसरे घ्या. असे सात-आठ वेळा केल्यावर पाणी जवळजवळ नितळ राहील आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरेल. पाण्याबरोबर गेला तो मुख्यतः स्टार्च. उरले ते ग्लुटेन नावाचे प्रथिन. आता हाच प्रयोग तांदळाच्या अथवा नाचणीच्या पिठाने करा. गोळा पाण्यात विस्कटून जाईल, हातात काहीच उरणार नाही. चपाती सहज लाटता येते, भाकरी मात्र थापावी लागते, याचे कारण हेच.

बहुतेकांना ग्लुटेनपासून काही अपाय होत नाही. काही थोड्या माणसांच्या शरीरात मात्र ते मोठा गोंधळ माजवते. त्या विकाराला सेलिअ‍ॅक रोग म्हणतात. हा आतड्याचा रोग खरा, पण काही रुग्णांत तो प्रथम कातडीवर दिसतो, आणि मग ओळखण्यात चूक होते. ती चूक कशी होते, हे एका मुलाच्या हकिकतीवरून पाहू.

काही वर्षांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेत अकरावीचा एक विद्यार्थी होता. व्हर्निअरचे वाचन घेता घेता त्याचा हात सारखा कोपराकडे जाई. दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेच्या खालच्या भागावर बारीक फोडांचे पुंजके येत. खाज आणि आग इतकी, की फोड टिकतच नसत, खाजवल्याच्या खपल्याच तेवढ्या दिसत. सर्वांनी ती खरूज ठरवली. घरातल्या सगळ्यांनी मलम लावले, कपडे उकळले. वर्गातली मुले त्याच्या बाकावर बसेनाशी झाली. दोन वर्षे अशी गेली. मग कोणा नातेवाइकाने सांगितले, “गहू बंद कर.” त्याने केला. खाज काहीशी उतरली. सहा महिन्यांनी रक्ततपासणी झाली, तिच्यात दोष निघाला नाही. घरचे म्हणाले, “गव्हाचो काय संबंध नाय.” चपाती पुन्हा सुरू झाली, आणि दोन महिन्यांत फोड दुप्पट जोराने परतले.

रक्ततपासणी खोटी होती काय? नाही. ती चुकीच्या वेळी केली होती. आपण सर्किटमधील प्लग की काढून ठेवली आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलत नाही म्हणून ‘तारेतून प्रवाह वाहूच शकत नाही’ असे लिहिले, तर गुण मिळतील काय? येथे नेमके तसेच झाले. हे समजण्यासाठी शरीरात काय घडते ते पाहावे लागेल.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारा पृष्ठभाग पुष्कळ वाढतो. ग्लुटेनचे पूर्ण पचन होत नाही. त्याचे काही तुकडे आतड्याच्या भिंतीत शिरतात. तेथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर त्यांच्यात थोडा बदल करते. ज्यांच्याकडे डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 या प्रकारची जनुके असतात, त्यांपैकी काहींची प्रतिकारयंत्रणा हे बदललेले तुकडे शत्रू समजते. ती आतड्यावर हल्ला चढवते आणि त्या विकराविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. रसांकुर झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शिअम नीट शोषले जात नाही. अतिसार, रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे दिसतात. कित्येकांना मात्र पोटाचा त्रास जवळजवळ नसतोच.

गव्हाचा हा संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तेथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले उपासमारीने खंगत असताना सेलिअ‍ॅकची मुले सुधारलेली दिसली. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

कातडीवरील पुरळाची गोष्ट त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील डॉक्टर लुई ड्यूरिंग यांनी 1884 साली त्याचे वर्णन करून ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ असे नाव दिले. हर्पिसच्या विषाणूशी याचा संबंध नाही. फोडांचे पुंजके तसे दिसतात, एवढेच. हा पुरळ संसर्गजन्यही नाही. या रुग्णांच्या आतड्यातही सेलिअ‍ॅकसारखाच बिघाड असतो, हे 1966 साली दिसून आले. 1969 साली व्हॅन डर मेर यांनी कातडीत आयजीए नावाच्या प्रतिपिंडांचे बारीक कण साठलेले दाखवले, आणि निदानाची खात्रीची खूण सापडली.

ही खूण पाहण्यास भौतिकशास्त्र मदतीला येते. कातडीचा छोटा तुकडा काढतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. आयजीएला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना चमकणारे रंगद्रव्य जोडून ते या तुकड्यावर सोडतात आणि त्यावर निळा प्रकाश पाडतात. रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा हिरवा प्रकाश देते. कातडीच्या वरच्या थराखाली हिरवे ठिपके चमकले, की निदान झाले. पण तुकडा कोठला? कोणीही म्हणेल, फोडाचाच. तीच चूक! फोडाच्या जागी दाहामुळे आयजीएचे कण नष्ट झालेले असू शकतात. म्हणून तुकडा फोडाशेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून घ्यावा लागतो.

आता रक्ताकडे वळू. रक्तात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची आयजीए प्रतिपिंडे मोजतात. ग्लुटेन पोटात जाणे थांबले की ती काही महिन्यांत कमी होत जातात आणि रसांकुरही हळूहळू भरून येतात. म्हणजे पथ्याने रुग्ण सुधारतो, पण पुरावाही पुसला जातो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले होते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, दिवसातून एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असावे लागते. गहू आधीच सोडला असेल, तर तो पुन्हा केव्हा व किती खायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आणखी एक खाचखळगा आहे. काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी असते, आणि सेलिअ‍ॅकच्या रुग्णांत असे लोक अधिक आढळतात. त्यांची चाचणी फसवी ‘निर्दोष’ येते. म्हणून एकूण आयजीएही मोजतात. चाचणी दोष दाखवत असेल, तर प्रौढांत सहसा दुर्बिणीने आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-पाच तुकडे घेतात. एकच तुकडा पुरत नाही, कारण बिघाड सगळीकडे सारखा नसतो. एका वाचनावर आपण तरी कोठे विसंबतो? जनुकांची चाचणी उलट्या बाजूने उपयोगी पडते: ती जनुके नसतील तर हा रोग जवळजवळ नाहीच, असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

हे आकड्यांत पाहा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 23 हजारांहून अधिक प्रौढांच्या भारतीय पाहणीत सेलिअ‍ॅकची प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळली. ती जनुके मात्र तिन्ही ठिकाणी सुमारे एकतृतीयांश लोकांत होती. फरक होता गव्हात: उत्तरेत माणशी रोज सरासरी 455 ग्रॅम, दक्षिणेत 25 ग्रॅम. आपले कोकणही भातखाऊ. म्हणून हा रोग आपल्याकडे चटकन कोणाच्या मनात येत नाही. पण आमच्या तळेऱ्याच्या नाक्यावर, जेथे विजयदुर्ग-कोल्हापूर रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तेथील कोणत्याही टपरीत सकाळी उभे राहा. पाव, खारी, बिस्किटे. पेजेची जागा कोणी घेतली ते दिसेल.

तुम्ही विचाराल, संशय आला की गहू सोडून मोकळे व्हावे, निदान हवे कशाला? कारण हे पथ्य आठवड्याचे नाही, जन्माचे आहे. पाव, रवा, शेवया, मैदा तर वर्ज्यच; जव घातलेली माल्टची पेयेही वर्ज्य. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. नाचणीच्या बिस्किटात मैदा असू शकतो, मालवणी वड्यांच्या पिठात काही घरी गहू घालतात, आणि गिरणीत आधी गहू दळला असेल तर आपल्या तांदळाच्या पिठातही तो उतरतो. एवढे पथ्य नुसत्या संशयावर कोणी आयुष्यभर पाळत नाही. शिवाय रोग ठरला तर आईवडील व भावंडे यांचीही तपासणी करता येते, कारण त्यांना धोका इतरांहून अधिक असतो. आणि रोग दुसराच, समजा खरी खरूजच असेल, तर तिचा साधा इलाज उगाच लांबत नाही.

पुरळावर कुष्ठरोगातील डॅप्सोन हे औषध देतात. त्याने खाज काही दिवसांतच थांबते, पण आतडे सुधारत नाही; आणि काहींच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, आणि खाज थांबली म्हणून पथ्य सोडू नये.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? फोड परतल्यावर तो एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रक्त तपासले तेव्हा तू गहू खात होतास काय?” मग त्यांनी फोडाशेजारचा तुकडा घेतला. हिरवे ठिपके चमकले. रक्तानेही या वेळी साक्ष दिली. आज तो आंबोळी, घावन, नाचणीची भाकरी आणि माशाचे कालवण यांवर ठणठणीत आहे. त्याचे दळण घरच्या जात्यावर होते. कातडी पूर्ण निवळायला दीड वर्ष लागले.

तेव्हा मित्रांनो, कोणाच्या कोपरा-गुडघ्यांवर सारखी खाज असेल, तर त्याच्या बाकावरून उठू नका. त्याला डॉक्टरांकडे जायला सांगा, आणि तपासणी होईपर्यंत नेहमीचे जेवण चालू ठेवायला सांगा. प्लग की लावल्याशिवाय वाचन घ्यायचे नाही, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात.