चालू आज्ञावलीची खरी ओळख

पुणे येथे १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, स्थापन झाले आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक साकार झाला. महासंगणकावर एखादी आज्ञावली कित्येक दिवस अखंड चालू राहू शकते. दरम्यान तिची सुधारित आवृत्ती त्याच नावाने डिस्कवर आली, तर दोष शोधणाऱ्या डीबगरने कोणती फाईल प्रमाण मानावी? नवी मानल्यास दोष भलत्याच ओळीवर दिसेल आणि निर्दोष भागाची दुरुस्ती होईल.

लिनक्स प्रणालीत यावर दोन उपाय आहेत. जुन्या फाईलचे नाव पुसले गेले, तरी ती चालविणारी प्रक्रिया संपेपर्यंत तिचा मजकूर डिस्कवर राहतो. ‘प्रोक’ या निर्देशिकेतील दुव्यावरून डीबगर तेथे पोहोचतो. दुसरा उपाय ‘बिल्ड-आयडी’चा. आज्ञावली तयार होताना तिच्या आशयावरून काढलेली, बहुधा १६० बिटांची, ओळखसंख्या फाईलमध्येच नोंदविली जाते. प्रक्रिया कोलमडल्यानंतर तिच्या स्मृतीची प्रत अन्यत्र तपासतानाही ही संख्या पडताळता येते.

नाव सारखे असणे हा ओळखीचा पुरावा नव्हे. म्हणून वापरात आलेल्या प्रत्येक आवृत्तीची फाईल अभ्यासकांनी जपून ठेवणे हिताचे ठरते.