व्याजाचा दर आणि शेअरचा भाव

शेअर म्हणजे जुगार, असे म्हणणारे आमचे वडील यंदा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे पैसे एका शेअरमध्ये घालायला निघाले. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून त्यांनी मला विचारले.

व्याजदर हा बाजारातील मोठा संकेत होय. तो वाढला की कर्जदार कंपनीचा नफा घटतो आणि लोकांना ठेवी बऱ्या वाटतात. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. त्या दिवशी सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंशांनी घसरून ५५,६६९ वर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दर ६.५० टक्के झाला, तरी सेन्सेक्स ६०,००० च्या वर होता! तात्पर्य, संकेत दिशा सुचवतो, हमी देत नाही.

म्हणून कंपनीचा ताळेबंद पाहावा. कर्ज किती? भाव नफ्याच्या किती पट? शेअरमागे वार्षिक नफा १० रुपये आणि भाव २०० रुपये असेल, तर आपण वीसपट मोजतो.

“भाव वाढेल का?” वडिलांनी विचारले. “ते सांगता येत नाही, पण या कंपनीचा बराचसा नफा व्याजातच जातो,” मी म्हणालो. सोसायटीचे कर्ज काढून शेती करणाऱ्या माणसाला याहून अधिक सांगावे लागले नाही. त्यांनी पासबुक पुन्हा ट्रंकेत ठेवले.