डॉक्टर नाही झालात, तरी रुग्णाच्या उपयोगी पडाल

‘नीट’चा निकाल लागला की अनेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं : ‘आता मेडिकलचं काही खरं नाही.’ पालकांनो, मुलांसमोर असं म्हणण्याआधी जरा थांबा. हाताला सलाइन लागतं, अँजिओग्राफीसाठी मनगटातून नळी हृदयापर्यंत जाते, डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत कॅथेटर म्हणजे लवचीक नळी बसते. ही साधनं घडवणारे अभियंतेही रुग्णसेवाच करत असतात.

काम नेमकं काय?

पूर्वी धमनीत कॅथेटर घालायचा तर ती शस्त्रक्रियेनं उघडावी लागे, नाहीतर जाड सुईच्या पोकळीतून तो आत सरकवावा लागे. सुई कॅथेटरहून जाड, त्यामुळे भोकही मोठं. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये नवा क्रम मांडला : आधी सुई, तिच्यातून तार, मग सुई काढून तारेवरून कॅथेटर. आजही जगभर हीच पद्धत वापरतात.

पुढे अभियंत्यांनी साधनांची रचना या एकेका पायरीवरचा धोका कमी करण्यासाठी केली. रक्तवाहिनीची भिंत टोचू नये म्हणून तारेचं टोक वळवलेलं असतं. रक्त बाहेर सांडू नये, हवा आत शिरू नये म्हणून शीथला, म्हणजे कॅथेटर ज्यातून आत जातो त्या नळीला, झडप असते. नर्सच्या बोटाला टोचू नये म्हणून काही साधनांत सुई बाहेर येताच तिच्या टोकावर आपोआप क्लिप बसते. कॅथेटर पुढे ढकलता येण्याइतका ताठ हवा आणि वळणांवर इजा न करण्याइतका मऊही हवा. ६ फ्रेंच मापाच्या कॅथेटरचा बाहेरचा व्यास फक्त २ मिलिमीटर असतो. एवढ्याशा जागेत हे सगळं जुळवायचं असतं.

वाट कोणती?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलं तर या क्षेत्रात येता येतं. माझा सल्ला स्पष्ट आहे : पदवीला मेकॅनिकल, पॉलिमर किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घ्या आणि पदव्युत्तर शिक्षण बायोमेडिकलमध्ये करा. म्हणजे पुढे मन बदललं तरी इतर उद्योगांची दारं उघडी राहतात. पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत बायोमेडिकलची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. डिझाइनची ओढ असेल तर ‘यूसीड’ देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात जाता येतं. प्लास्टिकच्या साच्यांत रस असेल तर ‘सिपेट’चे डिप्लोमा आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’मध्ये डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणं घडवतात. तिथलं काम जरूर समजून घ्या.

नोकरीचं काय?

सॉफ्टवेअरइतक्या जागा इथे नाहीत, हे आधीच मान्य करा. सुरुवातीची वर्षं चाचण्या आणि कागदपत्रांत जातात. मात्र २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग ठरवले आहेत. त्यामुळे गुणवत्ता, चाचणी आणि परवान्यांची कामं जाणणाऱ्यांचीही कंपन्यांना गरज असते. हात चालणारा, नोंदी नेटक्या ठेवणारा आणि चाचणी फसली तर कारण शोधत बसणारा मुलगा किंवा मुलगी इथे रमेल.

कल तपासायचा असेल तर सुट्टीत एवढं करा. ओळखीच्या नर्सताईंना मुलांनी विचारावं, ‘सुई लावताना कुठे अडतं?’ उत्तरं वहीत लिहावीत, उपायांची चित्रं काढावीत. वहीतले प्रश्न वाढत गेले, तर मुलांना या वाटेनं निर्धास्त जाऊ द्या. तान्ह्या बाळाची शीर सापडत नाही म्हणून त्याला आजही पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. हे दुखणं कमी करायला चांगली डोकी हवी आहेत.