कॅमेऱ्याची बॅग : आधी पट्टा बघा

गेल्या ऑक्टोबरमधल्या आंतरहाउस क्रॉस-कंट्रीच्या दिवशी फोटोग्राफी क्लबची लांब पल्ल्याची लेन्स माझ्याकडून पडली. पाय घसरला नाही, हात सुटला नाही. बॅगेचा पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या हुकाने बॅगेला अडकवला होता, तो हूक तुटला. देवदारांखालच्या वळणावर सगळे धावपटू चढ चढून एकदम समोर येतात. तिथे त्यांच्याआधी पोचायचे म्हणून मी पळत होतो. बॅग दगडावर आपटली, अर्धवट लावलेली चेन पूर्ण उघडली आणि लेन्स पायवाटेवरून चार-पाच फूट गडगडत गेली. उचलून पाहिली तर काच शाबूत होती, पण झूमची रिंग फिरेना.

नेमका तेव्हाच वळणावर आमच्या हाउसचा सहावीतला एक छोटा कॅडेट आला. शाळेत येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते आणि त्यातल्या बऱ्याच रात्री त्याने रडून काढल्या होत्या. ज्युनिअर गटात तो तिसरा होता. आदल्या रविवारी त्याने घरी फोनवर सांगितले होते, की भैया माझा पळतानाचा फोटो काढणार आहे. मला पाहून तो हसला. माझ्या हातात बंद पडलेली लेन्स होती. तो फोटो निघाला नाही.

दुरुस्तीचे बिल बाबांनी भरले. ते फौजेत आहेत, फार बोलत नाहीत. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, "बॅग कोणती घेतली होतीस?" मी काय सांगणार? मामाने पुण्याहून वाढदिवसाला पाठवलेली, काळी, दिसायला फार ऐटबाज. तिला अकरा कप्पे होते आणि ते मी मोजले होते. पट्टा कसा जोडलाय, ते मात्र एकदाही पाहिले नव्हते. त्यानंतर वर्षभर मी दिसेल ती बॅग उलटी करून बघतोय. त्यातून जे कळले ते इथे लिहितो, कारण यंदा क्लबमध्ये नऊ नवीन कॅडेट आले आहेत आणि सुटीत निम्मे तरी बॅग विकत घेणार आहेत.

तुटलेली बॅग मी आधी आपल्या टेलर मास्टरजींकडे नेली. त्यांनी ती आतून बाहेर उलटली, अस्तर बोटाने चाचपले आणि म्हणाले, "बेटा, कपड़ा तो ठीक है, जोड़ कच्चा है।" मग त्यांनी दुसरी बाजूही दाखवली. तिथला हूक टिकला होता, पण तो ज्या पट्टीत अडकवलेला होता, ती बॅगेच्या कडेच्या शिवणीत जेमतेम बोटभर दाबून एकाच टिपेने शिवलेली होती. हूक तुटला नसता, तर महिन्याभरात तीच उसवली असती.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला बॅग थोडी खाली जाते आणि पट्टा तिला झटक्याने अडवतो. पळताना हा झटका कितीतरी मोठा होतो. म्हणजे दोन किलोचे सामान असले, तरी जोडावर त्या क्षणी दोन किलोपेक्षा खूप जास्त ओढ बसते आणि ती हजारो वेळा बसते. म्हणून चांगल्या बॅगेत पट्टा कडेला संपत नाही. तो बॅगेच्या कुशीवरून खाली उतरतो, तळाखालून जातो आणि दुसऱ्या कुशीने वर येतो. बॅग मग शिवणीवर लटकत नाही, पट्ट्याच्या झोळीत बसते. असे नसेल, तर निदान पट्ट्याचे टोक चौकोनात शिवलेले आणि त्या चौकोनात फुली मारलेली असावी. आपल्या पिट्ठूचा पट्टा जिथे शिवलेला आहे तिथे बघा, ही फुली दिसेल.

कडी असेल तर तिचा सांधा शोधा. तार नुसती वाकवून टोके जवळ आणलेली कडी ओढ बसली की हळूहळू फाकते. सांधा डाक देऊन बंद केलेला हवा. गोल फिरणारा हूक असेल, तर तो ज्या खिळ्यावर फिरतो तो बघा. हूक केवढाही जाड असो, तुटतो तो तिथेच. आणि हूक प्लॅस्टिकचा असेल, तर बॅग परत फळीवर ठेवा. हे मी अनुभवाने सांगतोय.

दुकानात करायची एक परीक्षा आहे. दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या भरून बॅगेत ठेवायच्या, पट्टा हातात धरायचा आणि दहा झटके द्यायचे. मग जोडाजवळची शिवण उजेडात धरायची. टाक्यांची भोके लांबट झाली असतील, तर ती बॅग घेऊ नये. दुकानदार नाराज होतो. होऊ द्या.

पट्ट्याची रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास असावी. अरुंद पट्टा तासाभरात खांद्यात रुततो. सुती नवारीचा पट्टा खांद्यावर टिकून राहतो, गुळगुळीत नायलॉनचा सारखा घसरतो. याबाबत एक माहिती मला फार आवडली. अमेरिकेतल्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डॉमकी यांनी १९७०च्या दशकात वृत्तपत्राच्या कामासाठी स्वतःच एक बॅग तयार केली. कापड सुती कॅनव्हास, आत फोम अगदी थोडा, पट्टा बॅगेला खालून वेढून गेलेला आणि त्याच्या विणीत रबराचे धागे, म्हणजे खांद्यावरून घसरू नये. पुढे ती जगभरच्या बातमीदारांच्या खांद्यावर गेली. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमची गोष्ट तर आणखी गंमतशीर आहे. १९७३ पासून ते मासेमारीच्या पिशव्या करत होते. काही वर्षांनी त्यांना कळले, की न्यूयॉर्कमध्ये त्या पिशव्या छायाचित्रकार विकत घेत आहेत. विचार केला तर गळ टाकणाऱ्याची आणि फोटो काढणाऱ्याची गरज सारखीच. दोघेही पावसात तासन् तास उभे राहणार आणि ऐनवेळी नेमकी हवी ती वस्तू एका हाताने बाहेर काढणार. या दोन्ही बॅगा माझ्या खिशाच्या फार पलीकडच्या आहेत, पण त्यांचे फोटो बघून शिकायला पैसे पडत नाहीत.

तिसरी बॅग मी प्रत्यक्ष हाताळली, ती साताऱ्याला आमच्या घरी माळ्यावर. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांचा हॅवरसॅक आजीने जपून ठेवलाय. जपून म्हणजे त्यात ती शेंगा ठेवायची. १९३७च्या ब्रिटिश नमुन्याचे हे सुती वेबिंग त्या युद्धात भारतीय सैनिकही वापरत. हॅवरसॅक या शब्दाचे मूळ जर्मनमध्ये आहे, अर्थ ओटची पिशवी. म्हणजे आजीने त्यात शेंगा ठेवल्या त्यात काही चूक नव्हती. कापडाचा रंग उडालाय, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेय, पण पितळी बकले अजून घट्ट बसतात आणि पट्ट्यांच्या शिवणी एकही टाका न तुटता उभ्या आहेत. बाबा म्हणाले, "बघ, याला फारसे कप्पे नाहीत."

आता कापड. दुकानात नायलॉनच्या बॅगेवर '१००० डेनियर' असे काही लिहिलेले असते. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. जाड नायलॉन दगडावर घासले तरी लवकर फाटत नाही आणि भिजले तरी लवकर वाळते. पण मुळात पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा लेप. काही वर्षांनी दमट हवेत हा लेप चिकट होतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि ते लेन्सवर पडतात. म्हणून जुनी नायलॉनची बॅग स्वस्तात मिळत असेल, तर आत हात घालून बोटे बघा.

सुती कॅनव्हास जड असतो आणि वाळायला वेळ घेतो. पण भिजल्यावर सुताचे धागे फुगतात आणि विणीतली भोके बरीचशी बंद होतात. जुन्या तंबूंचे कापड पाऊस अडवायचे ते यामुळेही. शिवाय कॅनव्हास फाटला, तर तो कुठल्याही गावात शिवून मिळतो. त्याला मेण लावले, तर पाणी थेंब होऊन ओघळते. मी मे महिन्यात हे केले. मेणाची वडी कापडावर घासायची आणि केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने मेण धाग्यांत मुरवायचे. आधी मी ते इस्त्रीने करून पाहिले होते. पुढचे दोन दिवस आईच्या साड्यांना मेणाचा वास येत होता, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. मेण लावलेली बॅग साबणाने धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

शेवटी मी बॅग विकत घेतलीच नाही. साताऱ्यात ताडपत्र्या आणि पिशव्या शिवणाऱ्या एका काकांकडून ती शिवून घेतली. बाजारात कॅमेऱ्यासाठी फोमचा सुटा आतला डबा मिळतो, त्याच्या मधल्या भिंती वेल्क्रोने हलवता येतात. तो आधी घेतला, त्याची मापे काकांना दिली आणि भोवती हिरव्या कॅनव्हासची बॅग शिवायला सांगितली. पट्टा नवारीचा, तळाखालून नेलेला. झाकण चांगले चार बोटे खाली येणारे, त्याला दोन बकले. काकांनी विचारले, "यात बाँब नेणार आहेस का?" डबा आणि शिलाई मिळून माझ्या ऐटबाज बॅगेच्या निम्म्याहून कमी खर्च आला.

मापाबद्दल थोडक्यात. एक कॅमेरा लेन्स लावलेल्या स्थितीत, एक जादा लेन्स, एक बॅटरी, पुसायचे फडके, एवढे मावले की पुरे. मोठी बॅग घेतली, तर ती भरली जाते आणि सगळे वजन एकाच खांद्यावर येते. दिवसभराच्या हाइकला खांद्याची बॅग नकोच. तिथे पिट्ठूच बरा, त्यात हा फोमचा डबा तसाच बसतो. खांद्याची बॅग सामन्यांना, परेडला, वार्षिक दिनाला, जिथे घडी घडी कॅमेरा काढावा आणि ठेवावा लागतो.

आता वापर. पट्टा छातीवरून तिरका घ्या, नुसता खांद्याला अडकवू नका. गणवेशावर तिरका पट्टा घेतला की घड्या मोडतात आणि उस्तादांची नजर पडते, म्हणून परेडच्या दिवशी क्लबचे कॅडेट सरांची परवानगी आधीच घेतात. पळायची वेळ आली, तर बॅग पाठीमागे सरकवून एक हात तिच्यावर ठेवा. कॅमेरा लेन्स खाली करून ठेवा, म्हणजे वर पकड येते. आणि प्रत्येक फोटोनंतर झाकण लावा. 'लगेच परत काढायचाय' म्हणून मी चेन अर्धी ठेवायचो. हूक प्लॅस्टिकचा होता हे खरे, पण चेन पूर्ण लावलेली असती, तर लेन्स गडगडत गेली नसती. बाबांच्या प्रश्नाच्या उत्तरातला हा भाग मी त्यांना बऱ्याच उशिरा सांगितला.

वेल्क्रोचे झाकण सभागृहात उघडले, तर प्राचार्यांच्या भाषणात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. बकल बरे.

आपल्या डोंगरावर थंडी आणि धुके यांचा वेगळा त्रास आहे. नोव्हेंबरच्या पहाटे बाहेर फोटो काढून कॅमेरा सरळ गरम मेसमध्ये आणला, तर काचेवर, कधी आतल्या काचेवरसुद्धा, पाणी जमते. गार पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसेच. बाहेर असतानाच कॅमेरा बॅगेत ठेवून बॅग पूर्ण बंद करायची आणि आत आल्यावर तासभर उघडायची नाही. फोमच्या आत कॅमेरा हळूहळू गरम होतो आणि मेसमधली वाफ त्याच्यापर्यंत पोचत नाही. फोटो लगेच बघायचे असतील, तर मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या.

पावसाळ्यात उलटे. तेव्हा ओली बॅगच कॅमेऱ्याची शत्रू होते. हवेतली आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली, की लेन्सच्या आत बुरशी धरू लागते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, आणि एकदा ती काचेच्या लेपात शिरली की पुसून जात नाही. फोम पाणी धरून ठेवतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फोटो काढून आलात, की कॅमेरा बॅगेत ठेवून झोपू नका. डबा बॅगेतून काढा, दोन्ही उलटे करून वाळत टाका आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. आपल्या क्लबमधले जेलचे दाणे कोरडे असताना नारिंगी असतात आणि ओल शोषली की हिरवे होतात. हिरवे झाले, की मेसच्या भटारखान्यातल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास वाळवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे मिळाले, तर घेऊ नका. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते आरोग्याला वाईट.

हिरवी कॅनव्हासची बॅग आता क्लबच्या कपाटात दुसऱ्या फळीवर असते. दुरुस्त झालेली लेन्सही तिथेच आहे. झूम थोडे जड फिरते, पण फिरते. ज्याला हवी त्याने रजिस्टरमध्ये सही करून न्यावी. यंदाच्या क्रॉस-कंट्रीला मात्र ती मी आधीच मागून ठेवली आहे. वळणावर मी पहाटे साडेपाचलाच जाऊन बसणार आहे. तो छोटा कॅडेट आता सातवीत आहे आणि त्याने मला विचारलेले नाही, पण कुठल्या नंबरचा बिब मिळाला ते काल जेवताना दोनदा सांगितले.