ताट समोर, पण घास उतरत नाही

आपल्या वऱ्हाडात कुपोषण म्हटले की मेळघाट डोळ्यांपुढे येतो. परंतु अमरावती-अकोल्याच्या खात्यापित्या घरांतही एखादी मुलगी उपाशी राहून वाळत जाते. वजन वाढेल या भीतीने ती जेवत नाही. हाडे दिसू लागली तरी आरशात तिला आपण जाडच वाटतो. या विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. हे नाव लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७०च्या दशकात दिले. तेव्हा हे टीव्हीने आणलेले खूळ आहे, असे समजू नये. मुलांनाही तो होतो.

दुसऱ्या प्रकारात, ‘बुलिमिया’त, रुग्ण एका बैठकीत भरमसाट खातो आणि मग घशात बोटे घालून ओकून टाकतो. वजन बहुधा ठीकच असल्याने घरच्यांना पत्ता लागत नाही. ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांनी १९९५ साली टीव्हीवरील मुलाखतीत आपल्याला हा विकार झाल्याचे सांगितले होते. फुगलेले गाल, किडलेले दात, बोटांच्या सांध्यांवरचे वण ही त्याची लक्षणे.

माझ्या दवाखान्यात अशी मुलगी येते ती चक्कर येते, पाळी बंद झाली म्हणून. आई म्हणते, “डॉक्टरसाहेब, पोरगी जेवतच नाही, भुकेचं टॉनिक लिहून द्या.” सुरुवातीला तरी भूक असतेच, ती दाबून ठेवलेली असते, टॉनिक काय करणार? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास एकाएकी वाढले आणि फराळही होत नसेल, तर ते सारेच भक्तीचे नसतात. अर्थात क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह यांची तपासणी आधी करावीच.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे अशक्तपणा आला की “एक बाटली लावून द्या” असा आग्रह असतो. अनेक दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज किंवा भरपेट अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटका झालेले काही उपाशी कैदी पोटभर अन्न मिळाल्यावरच दगावले. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाचा आहार रक्ततपासणी करीत, टप्प्याटप्प्यानेच वाढवावा लागतो. शुद्ध हरपणे, नाडी ५०च्या खाली जाणे, उकिडवे बसल्यावर उठता न येणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

प्रकृती स्थिर झाल्यावर मात्र खरे काम घरीच होते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आईवडिलांनाच उपचारात घेण्याची पद्धत पुढे आली आणि किशोरवयीन मुलांत तिचा चांगला उपयोग झाला. ताटात काय आणि किती, हे काही काळ आईवडिलांनी ठरवायचे. भाकर, वरण, भाजी, दूध असे घरचेच अन्न. तीन जेवणे व मध्ये दोन-तीन वेळा खाणे. कोणीतरी सोबत जेवावे आणि नंतर तासभर जवळ बसावे, म्हणजे ओकण्याला आळा बसतो. त्या वेळी गप्पा शेताच्या, क्रिकेटच्या, कशाच्याही माराव्यात. वजनाचा विषय नको. “तब्येत सुधारली बरं का” हे कौतुकही टाळावे, कारण तिला त्यात “तू जाड झालीस” एवढेच ऐकू येते. मार, शपथा, शेजारच्या मुलीशी तुलना यांनी दुखणे वाढते. वजन आठवड्यातून एकदा, तेही दवाखान्यातच.

हे महिनोन्‌महिने चालते. बहुतेक घरांत सगळा भार एकट्या आईवर पडतो, आणि वर “तूच लाडावलीस” हा टोमणा. वडील, काकू, मोठा भाऊ यांनी एकेक जेवण वाटून घ्यावे. आईला झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तिनेही स्वतःला तपासून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. शिवाय २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. पैसे लागत नाहीत, आणि फोन रुग्णानेच करावा असे नाही, आईनेही करावा.