स्पिंडलची शक्ती आणि पतपत्रातील शब्द

सीएनसी राउटरच्या आयातीसाठी कर्जाचा किंवा पतपत्राचा प्रस्ताव शाखेत येतो, तेव्हा सोबतच्या प्रोफॉर्मा बीजकात यंत्राचे वर्णन बहुधा एका ओळीत आटोपलेले असते. टेबलाचे माप, ‘स्पिंडल ९ किलोवॅट’ आणि किंमत. आयातदाराचे नुकसान व्हायचे असेल, तर त्याचे मूळ बरेचदा या एका ओळीत असते.

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे मे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि टिपू सुलतानच्या या जन्मगावाच्या परिसराचे रूप पालटले. तेथील एखाद्या लघुउद्योजकाचे उदाहरण घेऊ. प्लायवूड व एमडीएफचे फर्निचर हे त्याचे मुख्य काम. अधूनमधून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचेही काम येते. त्याने किती शक्तीचे स्पिंडल घ्यावे?

स्पिंडलवर छापलेली शक्ती ही एका ठरावीक वेगावरची असते. किलोवॅटला ९,५५० ने गुणून मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले, की न्यूटन-मीटरमध्ये पीळबल, म्हणजे टॉर्क, मिळतो. ठरलेल्या वेगाच्या खाली इन्व्हर्टर हे पीळबल जवळपास कायम ठेवतो. म्हणून फेरे कमी केले, की शक्तीही त्याच प्रमाणात घटते. १८,००० फेऱ्यांवर ९ किलोवॅट देणारे स्पिंडल ६,००० फेऱ्यांवर ३ किलोवॅटच देते. तेच ९ किलोवॅट २४,००० फेऱ्यांवर मोजलेले असतील, तर १८,००० फेऱ्यांवर पावणेसात आणि ६,००० वर सव्वादोन किलोवॅटच हाती लागतात. दोन्ही यंत्रांच्या पाटीवर आकडा मात्र ९ हाच! लाकडाला वेग मानवतो, त्यामुळे सुतारकामात हा फरक फारसा जाणवत नाही. जाड कटर लावून कमी फेऱ्यांवर धातू कापू लागले, की तो उघड होतो. अ‍ॅल्युमिनियमचा मिनिटाला ६० घनसेंटिमीटर कीस काढण्यास कटरपाशी सुमारे पाऊण किलोवॅट लागतो, हे अदमासासाठी ध्यानात ठेवावे.

पाटीवर आणखी एक खूण पाहावी. ‘एस१’ म्हणजे अखंड चालण्याची क्षमता आणि ‘एस६’ म्हणजे आलटून पालटून भार व मोकळे फिरणे. एस६ चा आकडा मोठा दिसतो. दिवसभर प्लायवूड कापणाऱ्याने तो मोजूच नये.

मग सर्वांत मोठे स्पिंडल घ्यावे काय? तसेही नाही. १८,००० फेरे, दोन धारांचा कटर आणि प्रत्येक धारेने पाव मिलिमीटर कीस काढायचा, तर कटर मिनिटाला ९ मीटर सरकला पाहिजे. यंत्राची चाल ३ मीटरवरच अडत असेल, तर कीस मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याइतका पातळ होतो. धार कापण्याऐवजी घासते, तापते आणि लाकूड काळे पडते. अशा यंत्रावर मोठे स्पिंडल म्हणजे निव्वळ वजन. नामफलक व कोरीवकामास २.२ ते ३ किलोवॅट पुरतात. पूर्ण शीट दिवसभर कापणाऱ्याने ६ ते ९ किलोवॅटचा विचार करावा. त्यासाठी थ्री-फेज जोडणी लागते. शीट धरून ठेवणारा व्हॅक्यूम पंप व भुसा ओढणारा पंखाही वीज खातात, म्हणून बेस्कॉमकडे मंजूर भार मागताना तिन्हींची बेरीज धरावी.

आता बँकेच्या बाजूचे. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमावलीनुसार पतपत्रात बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. बीजकात ‘९ किलोवॅट’ लिहिले आणि कागद अटींनुसार असले, की रक्कम अदा होते. पेटीतून काय निघेल, हा बँकेचा प्रश्न नव्हे. म्हणून कोणत्या फेऱ्यांवर किती किलोवॅट, एस१ की एस६, कोलेटचे माप आणि इन्व्हर्टरची शक्ती हे सारे करारात व बीजकात उतरवावे. माल जहाजावर चढण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेने यंत्र चालवून दिलेले तपासणी प्रमाणपत्र हे पतपत्रातील आवश्यक कागद करावे. काही रक्कम उभारणीनंतर देण्याची अट पुरवठादार मान्य करीत असेल, तर तीही घालावी.

खर्चाचा अंदाज असा. आयात-निर्यात संकेतांक अर्थातच हवा. लाकूडकामाची यंत्रे सीमाशुल्काच्या ८४६५ या शीर्षकाखाली येतात. धातूसाठीच्या यंत्रांचे शीर्षक वेगळे, तेव्हा वर्गीकरण आणि त्या दिवशीचा दर कस्टम्स ब्रोकरकडून आधीच निश्चित करून घ्यावा. भाडे व विम्यासह मूल्य १० लाख रुपये आणि मूळ शुल्क साडेसात टक्के मानले, तर शुल्क ७५,००० रुपये, त्यावर दहा टक्के समाज कल्याण अधिभार ७,५०० रुपये आणि एकूण १०,८२,५०० रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५० रुपये. आयजीएसटीचे क्रेडिट पात्र करदात्याला पुढे मिळते. तरी माल सोडवताना रोख रक्कम लागतेच. कर्जाच्या प्रस्तावात ही तरतूद हमखास विसरली जाते.

गंमत अशी, की विमानतळ कारखान्याच्या दारात असूनही टनाहून जड राउटर तेथे उतरत नाही. तो समुद्रमार्गे चेन्नई बंदरात येतो आणि तेथेच, अथवा व्हाइटफील्डच्या कंटेनर डेपोत, सोडवला जातो. विमानतळ उपयोगी पडतो तो पुढे, बेअरिंग गेल्यावर सुटे स्पिंडल तातडीने मागवताना. विमानभाडे जबर असले, तरी सीमाशुल्काच्या मूल्यात ते एफओबी किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक धरले जात नाही.